विटेटच्या मुंबईचा पुठ्ठ्याचा किट: घुमटासाठी घ्या, पुस्तिकेसाठी नको

आधी निकाल सांगून टाकतो, घाई असेल त्यांनी इथूनच परत फिरावं. पाचातले साडेतीन. घुमट एक नंबर, कागद जवळजवळ एक नंबर, पुस्तिका मात्र कुणीतरी रविवारी दुपारी पोटभर जेवून झोपायच्या आधी लिहून टाकलेली. तरी विजापूर बघितलेल्या माणसानं हा घ्यावाच असं माझं मत आहे, ते का ते खाली येतंय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

वस्तू काय तर पुठ्ठ्याच्या बिल्डिंग जोडायचा किट. ऑनलाइन मागवला, कंपनीचं नाव टाकत नाही, चुका काढणारच आहे तर उगाच कशाला. जॉर्ज विटेट म्हणून एक स्कॉटिश आर्किटेक्ट होता, मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया काढलं तो, त्याच्या चार बिल्डिंग आहेत यात. गेटवे, म्युझियम (पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय), इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि टाटांचं बॉम्बे हाऊस. किंमत हजाराच्या आत. खरं कारण सांगायचं तर बहिणीची पोरं निपाणीहून सुट्टीला आलेली आणि त्यांच्या हातातनं मोबाइल काढायचा होता. आमच्याकडची पोरं दिवाळीत किल्ला करण्यात तरबेज असतात, पोतं, माती, दगड काय पण द्या, रायगड उभा करून दाखवतील, पण कागदावर अर्ध्या मिलीमीटरचं काम म्हटलं की अंगावर येतं.

माझं बेळगावात झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान आहे त्यामुळे आधी कागदाबद्दल बोलतो, ज्यांना रस नाही त्यांनी पुढं जावं. कार्ड चांगलं जाड आहे, हाताला तीनशे जीएसएमच्या आसपास वाटतं, मॅट फिनिश, छपाईत रंग एकमेकांवर सरकलेले नाहीत, आणि महत्त्वाचं म्हणजे डायकट व्यवस्थित मारलाय, पार्ट शीटमधून काढताना कोपरे फाटत नाहीत. क्रीझ पण खोल आहे, बहुतेक ठिकाणी नुसतं बोटानं दुमडलं तरी सरळ रेषेत बसतं. मग एवढं सगळं जमलेल्या माणसानं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या शीटला ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, उलटा का ठेवला ते देव जाणे! त्या बिल्डिंगचा दर्शनी भाग वळणदार आहे, म्हणजे कार्ड गोलाईत वाकवायचं, आणि कागद ग्रेनच्या विरुद्ध वाकवला की वरची छपाई तडकते हे बाइंडिंगच्या दुकानात चार दिवस बसलेल्या पोराला पण कळतं. आमची भिंत तीन ठिकाणी तडकली. पाठीमागनं पातळ खळ लावून ओलसर करून वाकवली तेव्हा कुठं बसली. १९११ ला सुरू होऊन १९२० ला पूर्ण झालेली बिल्डिंग आहे ती, तिलाच नऊ वर्षं लागली तर आपण एक संध्याकाळ घालवली म्हणून काय बिघडत नाही म्हणा. तिच्यातच जोडून कावसजी जहांगीर हॉल आहे, आता तिथं नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे, तो हॉल किटमध्ये स्वतंत्र सुटतो आणि नीट बसतो.

आता गेटवे. सगळ्यात आधी हेच करायला घ्या, सोपं आहे आणि पोरांना उत्साह येतो. शिवाय याची एक गंमत आहे, आणि ती पुस्तिकेत नाही म्हणजे कमालच. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरले, त्याची आठवण म्हणून हे बांधलं हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते उतरले तेव्हा गेटवे होतंच कुठं? त्यांना बघायला मिळाली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती असं सांगतात! म्हणजे गेटवेची पहिली आवृत्तीच पुठ्ठ्याची. अहो, पुठ्ठ्याचा किट विकताय तुम्ही, ही गोष्ट बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापायची सोडून आत काय लिहिलंय तर "मुंबईची शान". पायाचा दगड ३१ मार्च १९१३ चा, विटेटचं डिझाइन मंजूर झालं १९१४ ला, मग समुद्रात भराव घालायचं काम, पाया, आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगच्या हस्ते. राजाला येऊन गेल्याला तेरा वर्षं झालेली तोवर.

मॉडेलमध्ये मधला घुमट वेगळा येतो, खऱ्याचा व्यास ४८ फूट आहे. तुम्ही समोर उभं राहून फोटो काढलेत ना, त्यात घुमट दिसतोय का बघा, दिसत नाही फारसा, कमान आणि चार बुरूजच डोळ्यात भरतात. इथं वरून बघायला मिळतं त्यामुळे समजतं की अरे याला घुमट पण आहे. बाजूच्या जाळ्या लेझरनं कापल्यात, अगदी बारीक, खऱ्या जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या आहेत, आणि एकूण ढंग सोळाव्या शतकातल्या गुजराती इमारतींचा. रंग पण बरोबर पकडलाय, पिवळसर बेसॉल्टचा. चूक एकच पण मोठी: खालच्या बेसशीटवर रस्ता छापलाय तो थेट कमानीच्या नाकासमोर येतो. खरं तर गेटवे रस्त्याला तिरकं उभं आहे, कारण समोरून यायचा जो रस्ता ठरला होता त्याला पैसेच उरले नाहीत म्हणून तो झालाच नाही. सरकारी कामात पैसे संपणं हे काय आपल्याच काळातलं नाही. बेसशीट मी फेकून दिली आणि दुकानातल्या राखाडी बोर्डावर तिरकं चिकटवलं.

म्युझियमसाठी मात्र वेळ काढा, निवांत बसा, घाईत करायचं काम नाही. निम्मे पार्ट याच एका बिल्डिंगचे आहेत. विटेटनं ही १९०९ ला स्पर्धेत जिंकली. दगड बसवला होता आधीच, १९०५ ला, तोच प्रिन्स ऑफ वेल्स जो पुढं पंचम जॉर्ज झाला त्याच्या हातानं. बिल्डिंग १९१४ ला तयार झाली आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध लागलं, मग वस्तू मांडायच्या सोडून तिथं लष्करी हॉस्पिटल, म्युझियम म्हणून उघडलं १९२२ च्या जानेवारीत. दगड दोन प्रकारचा, कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा फिकट पिवळसर, आणि किटवाल्यानं दोन्ही वेगवेगळे छापलेत, सांधे पण दाखवलेत. इथं सलाम.

घुमटाचं शीट काढलं आणि पोरं म्हणाली मामा हे आकाशकंदिलासारखं आहे, तसंच आहे, पाकळ्या जोडत जायच्या आणि शेवटची पाकळी पहिलीला भेटली की गोल तयार. पण घुमटाच्या आधी एक पार्ट बसवायचा असतो, तो हातात घेतला तेव्हा कळेना हे काय प्रकरण आहे. एक चौकोन, त्याच्यावर तसाच दुसरा चौकोन पण फिरवून ठेवलेला, त्यामुळे आठ टोकं, आणि त्या आठ टोकांतून निघालेल्या कमानी एकमेकींना छेदून जाणाऱ्या. पुस्तिकेत नुसता बाण आणि "येथे चिकटवा".

आमचे काका खानापूरचे, जन्मभर गवंडीकाम केलेले, आता गुडघे गेलेत म्हणून बसून असतात. ते इतका वेळ लांबनं पेपर वाचत होते, वाचत कसले, आमच्याकडेच बघत होते. उठून आले आणि म्हणाले, "अरे घुमट कसा दिसतोय ते बघू नको, बसतोय कशावर ते बघ आधी." मग त्यांनी पोरांना समजावलं. खोली चौकोनी, घुमट गोल. चार भिंतींवर गोल टेकतो तो चारच ठिकाणी, कोपऱ्यात पोकळी राहते. ती भरायची कशी हाच सगळा खेळ. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी टाकल्या की त्या वर जाताना आत झुकतात, चौकोनाचा अष्टकोन होतो, आणि अष्टकोनाला गोल करणं सोपं. आणि दुसरी गोष्ट, घुमट स्वतःच्या वजनानं खालच्या भिंतींना बाहेर रेटत असतो, तर या आत झुकलेल्या दगडांचं वजन आतल्या बाजूला ओढतं, म्हणजे रेटारेटी आपापसात मिटते. काकांनी हे सगळं पंधरा मिनिटात, हातात फेविकॉलची बाटली धरून. इंजिनिअरिंग कॉलेजवाले यावर आख्खं सेमिस्टर काढत असतील.

आणि मग मोठा भाचा म्हणाला, "मामा, गोल घुमटात उभं राहून वर बघितलं की असंच दिसतंय की." बरोबर! सहल झालेली त्यांची, आमच्या भागात विजापूरच्या सहलीशिवाय शाळा सुटते कुणाची, सगळ्यांनी गॅलरीत जाऊन भिंतीला तोंड लावून एकमेकांची नावं कुजबुजलेली आहेत. विटेटनं म्युझियमच्या आतल्या कमानी घेतल्यात त्या विजापूरच्या गोल घुमटावरनंच. बाहेरच्या घुमटाला गोवळकोंडा, आतल्या छेदणाऱ्या कमानींना विजापूर. मुहम्मद आदिलशहाची कबर ती, १६५६ ची, आतनं घुमटाचा व्यास ३८ मीटरच्या जवळपास, आणि एवढ्या मोठ्या जागेत मध्ये एक खांब नाही. मुंबईतल्या भर फोर्टात आपलं विजापूर बसलंय आणि पुस्तिका काय म्हणते, "मुघल शैलीचा सुंदर नमुना". संपलं. आदिलशाहीचा पत्ता नाही, दख्खनचा पत्ता नाही. आणि सगळ्यात राग कशाचा तर ज्यानं हे पार्ट डिझाइन केलेत त्याला हे सगळं माहीत आहे, स्पष्ट दिसतं, नाहीतर बाहेरनं न दिसणारा कमानींचा पार्ट कशाला एवढा जीव ओतून केला असता, वरून घुमट काढता येतो अशी सोय पण ठेवलीय, म्हणजे आत डोकावा असंच सांगतोय तो. किट काढणारा आणि पुस्तिका लिहिणारा एकमेकांना भेटलेच नसणार.

त्याच काळात मुंबईचं जीपीओ, म्हणजे मोठं पोस्ट ऑफिस, पण झालं, तिथं तर बाहेरचा घुमटच गोल घुमटाच्या धर्तीवर. ते जॉन बेगचं काम. हा बेग मुंबई सरकारचा कन्सल्टिंग आर्किटेक्ट आणि विटेट १९०४ ला भारतात आला तो त्याचा असिस्टंट म्हणूनच, वय पंचविशी ओलांडलेलं, पुढं त्याच खुर्चीवर विटेट बसला. आणि मुंबई सरकार म्हणजे तेव्हा आपण पण आलो त्यात, बेळगाव, विजापूर, धारवाड सगळं मुंबई इलाख्यातलंच, ५६ साली राज्यं बदलली तोपर्यंत. म्हणजे विजापूर या साहेबांना परदेश नव्हता, त्यांच्याच इलाख्यातलं गाव होतं. जीपीओ किटमध्ये असतं तर दोन घुमट शेजारी ठेवून मुलांना मस्त दाखवता आलं असतं.

म्युझियमबद्दल अजून एक तक्रार आणि ही मराठी माणूस म्हणून. खऱ्या म्युझियमच्या मधल्या दालनात घुमटाखाली लाकडी खांब, कठडे, सज्जा आहे, तो अठराव्या शतकातल्या वाड्याचा आहे, नाशिककडनं आणून बसवलेला. विचार करा, खाली मराठी वाडा, वर विजापूरच्या कमानी, त्याच्यावर गोवळकोंड्याचा घुमट, आणि हे सगळं जुळवलं कुणी तर स्कॉटलंडच्या माणसानं. त्यातला वाडा किटमध्ये कसा दिलाय, तर आतल्या भिंतीवर सपाट चित्र छापून. गेटवेच्या जाळ्या एवढ्या बारीक कापता येतात तर चार लाकडी खांब कापायला काय झालं होतं. आम्ही शेवटी माचिसच्या काड्या आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे खांब केले, काकांनी कठडा कापून दिला, मूळ पार्टपेक्षा भारी झालाय.

बॉम्बे हाऊसबद्दल फार लिहीत नाही. घुमट नाही, जाळी नाही, दगडी ऑफिस. धाकट्यानं अर्ध्यात सोडलं, मी पण त्याला दोष देणार नाही. इथंच दोन पार्टना एकच नंबर छापलाय, अठरा आणि अठरा, त्यातला एक खिडक्यांच्या ओळी मोजून ओळखायचा. पण मोठ्या माणसाला बघायला बरं वाटतं यासाठी की विटेटनं १९१९ ला सरकारी नोकरी सोडली आणि टाटांच्या कंपनीत गेला, त्यानंतरचं हे काम आहे, १९२४ चं. सरकारसाठी करायचं तेव्हा घुमट, मनोरे, जाळ्या, आणि धंद्याच्या बिल्डिंगला साधा, बंदोबस्ताचा दगड. त्याच्या हाताखाली झालेलं बॅलार्ड इस्टेट पण तसंच सरळ, शिस्तीतलं. दोन्ही एकाच माणसाचं हे चार मॉडेल शेजारी ठेवल्यावर जास्त कळतं, फोटोत नाही कळत. तरी मला विचाराल तर बॉम्बे हाऊसच्या जागी केईएम हॉस्पिटल द्यायला पाहिजे होतं. बॉम्बे हाऊस टीव्हीवर बघतो आपण, केईएमला मात्र आपल्याकडची माणसं कुणा ना कुणाला घेऊन गेलेली असतात, परळला बाहेर डबा घेऊन थांबलेली असतात. ते पण विटेटचंच. १९२६ ला सुरू झालं आणि त्याच वर्षी विटेट मुंबईतच आमांशानं गेला, पन्नाशी पण गाठली नाही, शिवडीच्या दफनभूमीत आहे. पुस्तिकेत यातलं जन्मसाल १८७८ तेवढं आहे, मृत्यूचं सालसुद्धा नाही. १९१७ ला तो आज ज्याला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स म्हणतात तिचा पहिला अध्यक्ष झाला, ते पण नाही.

आता १९२४ चा विषय निघालाच आहे तर एक आगाऊपणा करतो. डिसेंबरच्या ४ तारखेला मुंबईत व्हाइसरॉय गेटवे उघडतोय, आणि त्याच महिन्याच्या २६ ला इथं बेळगावच्या टिळकवाडीत महात्मा गांधी काँग्रेसच्या अधिवेशनाला अध्यक्ष म्हणून बसतायत, त्यांच्या आयुष्यातलं अध्यक्षपदाचं एकमेव अधिवेशन, गंगाधरराव देशपांडे स्वागताध्यक्ष. तिकडं दगडाची कमान, इकडं तंबू आणि पाण्यासाठी खणलेली विहीर. ती काँग्रेस विहीर अजून आहे, इथली पोरं तिच्यासमोरनं रोज क्लासला जातात. हे मी भाच्यांना सांगितलं तेव्हा मोठा म्हणाला मग विहिरीचा पण किट काढा की. कुणी काढत असेल तर छपाई माझ्याकडे द्या, रेट बघून घेऊ.

पुस्तिकेची भाषा इंग्रजी आणि हिंदी. मराठी नाही, कन्नड तर नाहीच. मुंबईच्या बिल्डिंगवरचा किट आणि मराठी नाही! आमच्या सीमाभागात बोर्डावर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरनं एवढी वर्षं चाललंय, इथं दोन्ही छापून दिल्या असत्या तर दोन्हीकडच्या शाळांत खपला असता, निदान जोडणीच्या सूचना तरी. त्यातली हिंदी पण मशीननं केलेली वाटते, "टैब को स्लॉट में प्रेम से घुसाएँ" असलं काहीतरी आहे, पोरं हसून लोळली.

घेणार असाल तर थोडं कामाचं. सोबत येणारा गम फेकून द्या, फेविकॉल थोडं पाणी घालून ब्रशनं लावा, जास्त लावलात तर कार्ड फुगतं. चिकटवायचे कान आत दुमडायच्या आधी संपलेल्या बॉलपेननं क्रीझवरनं एकदा फिरवा. घुमटाच्या पाकळ्या एका बाजूनं सलग चिकटवत जाऊ नका, समोरासमोरच्या धरून करा, नाहीतर गोल एका अंगाला कलतो, काका म्हणाले खऱ्या घुमटात पण दगड सगळीकडनं सारखेच चढवत न्यायचे असतात. अठरा नंबरचा घोळ वर सांगितलाय. दहा वर्षांच्या खालच्या पोराला एकट्याला देऊ नका. पावसाळ्यात करायला घेऊ नका, बेळगावच्या जुलैत कार्ड दमट होऊन क्रीझ बसतच नाही, अनुभव सगळ्या बाइंडिंगवाल्यांना विचारा. आणि शक्य असेल तर आधी विजापूरला जाऊन गोल घुमटात मान वर करून या, मग म्युझियमला हात घाला, पुस्तिका बॉक्समध्येच राहू दे.